पट्टा कोणत्या हाताला बांधायचा?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

ठाण्यात स्टेशनजवळच्या वर्दळीच्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर दवाखाना असलेल्या एक तरुण डॉक्टर लिहितात: "साठी ओलांडलेले एक निवृत्त बसवाहक मधुमेह, रक्तदाब आणि पायांवरची सूज यांसाठी माझ्याकडे येत असत. कर्करोगामुळे त्यांचे स्वरयंत्र पूर्णपणे काढलेले आहे आणि ते मानेला टेकवायच्या एका यंत्राच्या साहाय्याने बोलतात. तो एकसुरी आवाज मला नीट समजत नाही. सारखे 'काय?' विचारले तर त्यांना अपमान वाटेल, म्हणून मी सगळे प्रश्न त्यांच्या पत्नीलाच विचारू लागले. काकू सांगत, 'सगळ्या गोळ्या वेळेवर घेतात.' सूज उतरेना, तेव्हा मी औषध वाढवले. त्या दिवशी मी रक्तदाब मोजत असताना काका काही सांगू पाहत होते, पण मला ते कळले नाही. पुढच्या भेटीत त्यांनी मोबाइलवर लिहून फोन माझ्यापुढे धरला: 'लघवीची गोळी मी दोन महिन्यांपासून घेत नाही. मागच्या वेळी तेच सांगत होतो.' त्यानंतर गेले तीन महिने ते आलेले नाहीत. काकू एकट्याच फाइल घेऊन येतात आणि म्हणतात, 'तुम्ही मला सांगा, मी त्यांना सांगते.' आधी मला हायसे वाटले आणि नंतर त्या हायसे वाटण्याचीच लाज वाटली. संध्याकाळी माझ्याकडे पन्नासेक रुग्ण असतात आणि अशा रुग्णांशी कसे बोलावे, हे आम्हाला कोणी शिकवलेले नाही. मी त्यांना पुन्हा बोलवावे, की चालले आहे ते सर्वांच्याच सोयीचे आहे?"

उत्तर

प्रिय डॉक्टर,

तुमच्या पत्रातील हायसे वाटल्याचे वाक्य लिहायला धीर लागला असेल. ते तुम्ही लपवले असते, तर पुढचे काही बोलणे शक्यच झाले नसते. मात्र त्याच पत्रातील "सर्वांच्याच सोयीचे" या शब्दांपाशी मी थांबले. या "सर्वां"मध्ये तुम्ही आहात, काकू आहेत, बाहेर बाकावर ताटकळणारे तुमचे इतर रुग्ण आहेत. ज्यांच्या पायांवर सूज आहे, ते गृहस्थ मात्र त्यात नाहीत.

आधी औषधाविषयी बोलू, कारण तो विषय थांबू शकत नाही. गेले तीन महिने तुम्ही एका शहाण्यासुरत्या, स्वतःचे बरेवाईट जाणणाऱ्या प्रौढ माणसावर दुसऱ्या व्यक्तीच्या सांगण्यावरून उपचार करत आहात. हे एकदा कसे फसले, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. काकू खोटे बोलल्या असे मला वाटत नाही. त्यांनी गोळ्या काढून दिल्या असतील, पाणी दिले असेल, आणि त्यांच्या दृष्टीने गोळी घेतली गेली असेल. त्यांना जे माहीत होते, ते त्यांनी सांगितले. खरे काय ते माहीत असलेला एकच माणूस त्या खोलीत होता आणि तो नेमके तेच सांगत होता. त्यांनी ती गोळी का सोडली, हे अजूनही तुमच्या पत्रात कुठे आलेले नाही. रात्री चार वेळा उठावे लागत होते, की बाहेर जाताना पंचाईत होत होती, की आणखी काही होते? वेळ बदलून ती गोळी चालू ठेवता आली असती का, हे मी नव्हे, तुम्ही जाणता. पण त्यासाठी आधी कारण कळायला हवे होते.

आता तुमच्या मनातल्या पहिल्या गृहीतकाकडे वळते: पुन्हा विचारले की अपमान होतो. गेली अकरा वर्षे मी दोन्ही कानांना श्रवणयंत्रे लावते, त्यामुळे येथे मी केवळ सल्ला देणारी नाही. दोन वर्षांपूर्वी एका तपासणी केंद्रात मी खुर्चीत बसलेली असताना माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीला विचारण्यात आले, "यांना शुगर आहे का? उपाशी आल्यात ना?" प्रश्न मला ऐकू आला होता. उत्तरही मला ठाऊक होते, किंबहुना मलाच ठाऊक होते, कारण सकाळी सहा वाजता मुलगी झोपलेली असताना मी अर्धा कप चहा घेतला होता. मुलीने "हो, उपाशी आहेत" असे सांगून टाकले आणि मला मध्ये पडून ते दुरुस्त करावे लागले. त्या दिवशी समोरच्या मुलाने मला दहा वेळा तोच प्रश्न विचारला असता, तरी मी दहा वेळा उत्तर दिले असते. जिव्हारी लागले ते त्याने मला न विचारणे.

तुमचे काका दिवसभर रिक्षावाल्याकडून, वाण्याकडून, बँकेच्या खिडकीतून "काय?" ऐकत असणार. आपले बोलणे पहिल्या फटक्यात कळत नाही, याची कल्पना त्यांना तुमच्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. कळल्यासारखी मान डोलावणे आणि मग नजर दुसरीकडे वळवणे, हे मात्र त्यांना लगेच ओळखू येते. "काय?" या प्रश्नात खरी अडचण वेगळीच आहे. त्या एका शब्दामुळे बोलणाऱ्याला सगळे वाक्य पहिल्यापासून म्हणावे लागते आणि नेमके काय निसटले, ते त्याला कळतच नाही. त्याऐवजी जेवढे कळले तेवढे तुम्ही बोलून दाखवा: "रात्री उठावे लागते, इथपर्यंत कळले, त्याच्या पुढचे पुन्हा सांगा." अशाने त्यांना चारच शब्द पुन्हा उच्चारावे लागतात आणि आपले बाकीचे बोलणे पोहोचले आहे, हेही त्यांना समजते.

हा आवाज समजायला अवघड का जातो, हे माहीत असले की निम्मे काम सोपे होते. तुम्ही डॉक्टर असूनही हे लिहिते, कारण कान-नाक-घशाच्या विभागाबाहेर याचा फारसा विचार होत नाही. ते यंत्र मानेला टेकवून बटण दाबले की कंप निर्माण होतो आणि जीभ, ओठ, दात त्या कंपाला शब्दांचे रूप देतात. बटण दाबलेले असेपर्यंत हा कंप सतत चालू राहतो, त्यामुळे ज्या व्यंजनांत कंप नसायला हवा, त्यांतही तो शिरतो. 'प' हा 'ब'सारखा, 'त' हा 'द'सारखा, 'क' हा 'ग'सारखा ऐकू येतो, आणि श्वास तोंडातून येतच नसल्यामुळे 'ह' जवळजवळ नाहीसा होतो. आपल्या भाषेत याचा परिणाम काय होतो ते पाहा. "पोट दुखते" हे "बोट दुखते" असे ऐकू येते आणि "ताप" हा "दाब" होतो. रक्तदाबाच्या रुग्णाच्या तोंडून "दाब वाढलाय" ऐकल्यावर डॉक्टरांचा समज पक्काच होणार. 'प' आणि 'ब' यांना ओठांची हालचाल सारखीच असते, त्यामुळे ओठांकडे पाहूनही हा घोटाळा सुटत नाही. अशा वेळी "पोटाला हात लावून दाखवता का?" एवढे विचारणे पुरते. उत्तर एका शब्दाचे येणार असेल तेव्हा "जेवणाआधी की जेवणानंतर?" असे दोन पर्याय द्यावेत, पण संभाषणाची सुरुवात मात्र त्यांच्या स्वतःच्या वाक्याने होऊ द्यावी, कारण तुमच्या पर्यायांत नसलेली गोष्टच बहुधा महत्त्वाची असते. गोळी सोडल्याची गोष्ट तशीच होती.

आणि आता तो पट्टा. तुम्ही लिहिले आहे की रक्तदाब मोजत असताना ते काही सांगू पाहत होते. तुम्ही पट्टा कोणत्या हाताला बांधला होता? माझा तर्क असा, की ज्या हातात ते यंत्र धरतात, त्याच हाताला. तसे असेल, तर तुम्ही पट्टा आवळलात त्या क्षणी त्यांचा आवाजच बांधला गेला आणि तुम्हाला फक्त हलणारे ओठ दिसले. यात तुमचा दुष्ट हेतू नव्हता. पण या एका गोष्टीने बरेच काही बदलते. "यंत्र कोणत्या हाताने धरता?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहून ठेवावा. पट्टा आणि रक्त काढण्याची सुई दुसऱ्या हाताला, आणि कधी दाखल करावे लागले तर सलाइनही दुसऱ्याच हाताला. रुग्णालयात दाखल असताना यंत्र उशाशी, हात पोहोचेल असे हवे. "हरवेल" म्हणून कपाटात ठेवलेले यंत्र म्हणजे रात्रभर गप्प केलेला माणूस. खाटेजवळची घंटा त्याने वाजवली आणि परिचारिकेने दुरूनच "काय हवे?" असे विचारले, तर त्याला उत्तर देता येत नाही, तिला खाटेपाशी यावेच लागते. ते मानेवरील छिद्रातून श्वास घेतात, म्हणून प्राणवायूचा मुखवटा मानेवर लावायचा, हे तुम्हाला सांगायला नको. पण तुमच्या मदतनिसाला आणि जवळच्या रुग्णालयातील रात्रपाळीला ते ठाऊक आहे का, याची खात्री करून घ्या. खाटेवर तशी ठळक पाटी लावलेली बरी.

वेळेची तुमची अडचण मी हलकी लेखत नाही. संध्याकाळची पन्नास माणसे म्हणजे काय, हे मी बाकाच्या या बाजूने पाहिले आहे. पण रुग्णाला बोलू दिले तर तो थांबणारच नाही, ही भीती तपासून पाहण्यासारखी आहे. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांना असे आढळले होते, की रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात. पुढे २००२ साली स्वित्झर्लंडमधील एका अभ्यासात डॉक्टरांना मध्ये न बोलण्यास सांगितले, तेव्हा रुग्ण सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले आणि १०० पैकी ७८ जणांचे सांगणे दोन मिनिटांच्या आत संपले. काकांना याच्या दुप्पट वेळ लागेल असे धरा. तीन-चार मिनिटे. त्यांची सूज, वाढवलेले औषध, पुन्हा केलेल्या तपासण्या आणि काकूंच्या तीन फेऱ्या यांत किती मिनिटे गेली, हे तुम्हीच मोजा. शिवाय त्यांना शेवटची वेळ देता येते, किंवा दुपारी दवाखाना उघडण्याच्या आधीची, जेव्हा रस्त्यावरचे हॉर्नही जरा कमी असतात.

हॉर्नवरून आठवले. तुमची खोली रस्त्याच्या बाजूला आहे. खिडकी लावून घ्या आणि डोक्यावरचा पंखा शक्य असेल तर तेवढी पाच मिनिटे बंद करा. संगणकाकडे पाहत लिहू नका. आधी ऐका, मग लिहा. त्यांच्या समोर, उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडेल असे बसा. आणि त्यांच्याशी मोठ्याने बोलू नका, कारण त्यांचा घसा गेलेला आहे, कान नाहीत. यंत्राचा आवाज ऐकला की समोरचा माणूस ओरडून बोलू लागतो, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की ते मुद्दाम लिहावेसे वाटले. निघण्यापूर्वी गोळ्यांची पाकिटे टेबलावर मांडून "मी नीट समजावले का ते मला पाहायचे आहे; सकाळी कोणती घ्याल, ते दाखवता?" असे म्हणा. बोट दाखवायला यंत्र लागत नाही आणि परीक्षाही त्यांची होत नाही, तुमच्या समजावण्याची होते.

दवाखान्यातील फोनवर बसणाऱ्या मुलीशीही बोला. यंत्राचा आवाज फोनवर ऐकला की तो ध्वनिमुद्रित संदेश आहे असे समजून लोक फोन ठेवून देतात. त्यांना वेळ ठरवण्यासाठी लेखी संदेशाची सोय द्या. तशीही ती अनेकांच्या उपयोगी पडेल.

काकूंबद्दल लिहिताना मला जपून लिहावेसे वाटते. त्यांच्यावर कोणताही ठपका नको. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यांत, जेव्हा काकांना एक शब्दही उच्चारता येत नव्हता, तेव्हा त्या त्यांचा आवाज झाल्या असतील; डॉक्टरांशी, दुकानदारांशी, नातेवाइकांशी त्यांच्या वतीने बोलणे, ही त्यांची सेवा होती आणि पुढे सवय झाली. त्यांना खोलीबाहेर काढू नका. प्रश्न काकांकडे पाहून विचारा. काकू उत्तर देऊ लागल्या तर "काकू, आधी काकांचे ऐकते, मग तुमचे" असे म्हणा आणि खरोखरच नंतर त्यांचे ऐका. तपासणीच्या वेळी मात्र दोन-तीन मिनिटे काकांना एकट्याने भेटा. लघवीची अडचण, झोप, मनाची उभारी, तंबाखूची पुन्हा लागलेली सवय, या गोष्टी कोणताही नवरा बायकोसमोर सहज बोलत नाही. काका तर आजवर बायकोच्या तोंडूनच बोलत आले आहेत.

तुमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या इतर डॉक्टरांसाठी, परिचारिकांसाठी आणि फिजिओथेरपिस्टांसाठी थोडे लिहिते. यंत्र कोणतेही असो, ते त्या माणसाच्या शरीराचाच भाग समजून वागावे. चाकाच्या खुर्चीला न विचारता हात लावू नये, तिच्यावर रेलू नये, आणि बोलताना खाली बसून डोळ्यांच्या पातळीवर यावे. पांढरी काठी वापरणाऱ्याला दंड धरून ओढू नये. आपले कोपर पुढे करावे आणि त्याला ते धरू द्यावे. माझ्यासारख्या श्रवणयंत्रवाल्यांबाबत एवढेच लक्षात ठेवावे, की यंत्र आवाज मोठा करते, पण गोंगाटातून शब्द निवडून देत नाही. म्हणून जवळून, समोरून आणि संथपणे बोलावे, आणि तपासणीसाठी यंत्र काढायला लावल्यावर पाठीमागून सूचना देत राहू नये.

कोणी शिकवलेले नाही, ही तुमची तक्रार खरी आहे. संवाद आणि नीतिमूल्ये यांचा 'एटकॉम' हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून आला. तुमचे शिक्षण त्याआधीचे असणार. कायदाही उशिराच जागा झाला. १९९५ च्या अपंग व्यक्तींसंबंधीच्या कायद्यातील सात प्रकारांमध्ये वाचादोष हा प्रकारच नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये प्रकारांची संख्या २१ झाली आणि त्यात वाचा व भाषा दोषाच्या व्याख्येत स्वरयंत्र काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेचा नावानिशी उल्लेख आला. याच कायद्याच्या २५ व्या कलमात सरकारी आणि खासगी रुग्णालयांतील अडथळामुक्त प्रवेशाची आणि उपचारांत दिव्यांगांना प्राधान्य देण्याची तरतूद आहे. काकांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढले आहे का, हे त्यांना विचारा. आपण त्याला पात्र ठरू शकतो, याची अनेकांना कल्पना नसते. वाचा-उपचारतज्ज्ञाशी त्यांचा संपर्क तुटला असेल, तर तोही जोडून द्या. वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. ठाण्याहून दादरला गाडी बदलली की ती फार लांब नाही. मानेवर यंत्र टेकवण्याची योग्य जागा थोडी सरकली, तरी बोलण्याच्या स्पष्टतेत फरक पडतो, आणि ती जागा शोधून देणे हे तज्ज्ञाचे काम आहे.

तेव्हा, बोलवावे का? होय. दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवण्याचा मार्ग उपलब्ध आहे आणि त्यांना तोच हवा असेल तर तो त्यांचा हक्क आहे. पण तो तुम्ही आपणहून सुचवलात, तर त्यांना तो दरवाजा लावून घेतल्यासारखा वाटेल. घरी जाऊन भेटण्याचाही विचार तुमच्या मनात येईल. माझ्या मते ते दुसऱ्या पायरीवर ठेवा, कारण न विचारता दारात उभ्या राहिलेल्या डॉक्टरांना कोणी नाही म्हणू शकत नाही. निरोप त्यांच्या स्वतःच्या फोनवर, लेखी, त्यांच्या नावाने पाठवा. तो साधारण असा असावा:

"नमस्कार काका. मागे तुम्ही गोळीबद्दल सांगत होतात तेव्हा मी ऐकून घेतले नाही आणि तुमच्याऐवजी काकूंना विचारत राहिले. ती माझी चूक होती. तुमचे औषध तुमच्याकडून ऐकल्याशिवाय ठरवणे योग्य नाही. दुपारी साडेचारला दवाखाना रिकामा असतो. तुम्हाला सोयीचा दिवस कळवाल का? काही आधी लिहून आणावेसे वाटले तर जरूर आणा, पण मला तुमच्याशी बोलायचे आहे."

यात सहानुभूतीचे आणखी शब्द घालू नका. त्यांच्या आजाराचा उल्लेखही नको. ते आले, तर क्षमा पुन्हा मागत बसू नका. खिडकी लावा, कोणता हात ते विचारा आणि पहिली दोन मिनिटे गप्प राहा. उत्तर यायला चार दिवस लागले तरी थांबा, आणि तोवर तोच निरोप काकूंच्या फोनवर पाठवू नका.